क्रू लिस्ट नसलेला करार : अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांना मुरगावहून खुले पत्र

हेडलँड सडा, मुरगाव, गोवा
५ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. मार्को रुबिओ,
परराष्ट्रमंत्री, अमेरिकेची संयुक्त संस्थाने,
वॉशिंग्टन

महोदय,

सप्रेम नमस्कार.

या आठवड्यात आमच्याकडे अमेरिकेचे नाव निघाले की आयातशुल्काचाच विषय निघतो. बसस्टँडवर तोच, बाजारात तोच. मी त्याबद्दल लिहीत नाही. शुल्कावर भांडायला दोन्ही देशांचे मंत्री आणि व्यापारी समर्थ आहेत. मी तांबड्या समुद्रातून जाणाऱ्या व्यापारी जहाजांवरच्या माणसांबद्दल लिहितो आहे. त्यांच्या वतीने वाटाघाटींना कुणीच बसत नाही.

६ मे २०२५ रोजी तुमच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केले की येमेनमधील हुथींवरची, म्हणजे गाझाच्या युद्धाचे कारण सांगून व्यापारी जहाजांवर हल्ले करणाऱ्या बंडखोरांवरची, बाँबफेक थांबवत आहोत. त्याच दिवशी ओमानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी निवेदन काढले. दोन्ही बाजू एकमेकांवर हल्ला करणार नाहीत आणि तांबडा समुद्र व बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीत अमेरिकी जहाजांना धक्का लागणार नाही, असे त्यात होते. आंतरराष्ट्रीय व्यापारी वाहतूक सुरळीत राहील असेही एक वाक्य होते. त्या रात्री आमच्या घरात सगळ्यांना बरे वाटले. आता जहाजे पुन्हा सुएझमार्गे निर्धास्त जातील, पोरे वेळेवर घरी येतील, असे आम्ही धरून चाललो.

बरोबर दोन महिन्यांनी, ६ जुलैला, 'मॅजिक सीज' या जहाजावर हल्ला झाला. जहाज बुडाले, पण त्यावरचे बावीसही जण जवळून जाणाऱ्या दुसऱ्या व्यापारी जहाजाने उचलले. दुसऱ्या दिवशी 'एटर्निटी सी'. लायबेरियाचा झेंडा, ग्रीक कंपनीचे व्यवस्थापन, जहाजावर पंचवीस माणसे. बहुतेक फिलिपिनो, एक रशियन, आणि तीन सशस्त्र रक्षक, त्यांपैकी एक ग्रीक आणि एक भारतीय. सोमालियातील बर्बेरा बंदरात जागतिक अन्न कार्यक्रमाचा मदतीचा माल उतरवून ते जहाज परतत होते. ९ जुलैला ते बुडाले. दहा जणांना समुद्रातून जिवंत काढले, त्यांत तो भारतीय रक्षकही होता. काहींनी चोवीस तासांहून जास्त वेळ पाण्यात काढला, काहींनी जवळजवळ दोन दिवस. त्यांचा शोध घेणाऱ्या बोटी खासगी सुरक्षा कंपन्यांच्या होत्या. २८ जुलैला हुथींनी एक चित्रफीत प्रसिद्ध केली. तीत या जहाजाचे दहा खलाशी दिसतात, हुथींच्या ताब्यात. बाकीचे परतलेले नाहीत.

मी हे पत्र हुथींना लिहीत नाही. व्यापारी जहाजावर क्षेपणास्त्र सोडणे, पोहणाऱ्या माणसांना ओलीस धरणे हा गुन्हा आहे आणि गाझातील लोकांच्या हालअपेष्टांचे नाव पुढे केल्याने तो कमी होत नाही. पण हुथींनी या समुद्राचे रक्षण करण्याची हमी कधी घेतली नव्हती. तुम्ही घेतली होती. डिसेंबर २०२३ मध्ये 'ऑपरेशन प्रॉस्पेरिटी गार्डियन' ही जहाजांच्या रक्षणाची मोहीम जाहीर केली ती तुम्ही. १५ मार्च २०२५ पासून येमेनवर बाँबफेक केली ती जलमार्ग सर्वांसाठी खुला ठेवायचा आहे असे सांगून. आठशेहून अधिक ठिकाणांवर मारा केल्याचे तुमच्याच सेनादलाने एप्रिलअखेर सांगितले. आणि मग एका संध्याकाळी तुमच्या जहाजांपुरता शब्द मिळवून तुम्ही बाजूला झालात.

माझा या गोष्टीशी संबंध काय, ते सांगतो. मी मुरगाव बंदरात शिपिंग एजंटच्या कचेरीत नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. जहाज नांगरावर आले की लाँचमधून शिडीने वर चढायचे, कप्तानाकडून कागद घ्यायचे, इमिग्रेशन आणि कस्टम्सला द्यायचे, हे माझे काम. त्या कागदांत पहिला कागद क्रू लिस्ट. कप्तानापासून मेसमनपर्यंत प्रत्येकाचे नाव, हुद्दा, देश, जन्मतारीख, पासपोर्ट आणि सीडीसीचा, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकाचा, नंबर. एक नाव कमी-जास्त झाले तर जहाजाला पुढची परवानगी मिळत नाही. खनिज न्यायला येणाऱ्या जहाजांवर कोणत्या देशाचा झेंडा आहे, मालक कोण, माल कोणाचा, हे सगळे वेगवेगळे असायचे. पनामाचा झेंडा, ग्रीक मालक, जपानी गिऱ्हाईक. माणसे मात्र फिलिपिन्सची, युक्रेनची, श्रीलंकेची आणि आपल्याकडची.

माझा मुलगा बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, सेकंड इंजिनिअर आहे. 'एटर्निटी सी'सारखेच जहाज. सासष्टी, बार्देश, मुरगाव या तालुक्यांत तारवटी, म्हणजे जहाजांवर नोकरी करणारे, घराघरांत आहेत हे गोव्याबाहेरच्यांना माहीत असते. फोंडा, डिचोली, पेडण्याकडची मराठी शाळांत शिकलेली पोरेही गेली कित्येक वर्षे जहाजांवर जात आहेत, हे कमी जणांना ठाऊक आहे. माझा त्यांपैकीच एक. गेल्या वर्षी सुएझच्या नांगरवाड्यात असताना त्याच्या जहाजावर कंपनीकडून एक अर्ज आला. युद्धसदृश क्षेत्रातून जायला मी राजी आहे, असे लिहिलेला. जहाजावर तसा करार लागू असेल तर नकार देण्याचा हक्क खलाशाला आहे. तेवढ्या दिवसांपुरता मूळ पगार दुप्पट मिळतो, मेला तर भरपाई दुप्पट. पण नकार देणाऱ्याला पुढचे काँट्रॅक्ट वेळेवर मिळेल का, हे कोणत्याच कागदावर लिहिलेले नसते. त्याने सही केली. जहाजावरच्या सगळ्यांनी केली. फोनवरच्या नकाशात आम्ही त्याच्या जहाजाची खूण बघत असू. तांबड्या समुद्रात शिरताना पुष्कळ जहाजे आपली जागा दाखवणारे यंत्र बंद करतात, त्यामुळे ती खूणही नाहीशी झाली. एडनच्या आखातात ती पुन्हा उमटेपर्यंत घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही. तो सुखरूप आला. 'एटर्निटी सी'वरच्या लोकांच्या घरीही असेच कोणीतरी फोनकडे बघत बसले असणार, म्हणून मला गप्प बसवत नाही.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार ६ मेच्या समझोत्याची. त्यात 'अमेरिकी जहाज' म्हणजे काय हे कुठेही स्पष्ट केलेले नाही. १७ जानेवारी २०२४ ची 'जेन्को पिकार्डी' आठवा. कंपनी न्यूयॉर्कची, झेंडा मार्शल बेटांचा, बावीस खलाशी, त्यांतले नऊ भारतीय. ड्रोन आदळल्यावर मदतीला धावली ती भारतीय नौदलाची आयएनएस विशाखापट्टणम. तुमच्या समझोत्यात हे जहाज बसते की नाही? त्यावरचे नऊ भारतीय बसतात की नाही? जगातल्या व्यापारी खलाशांत अमेरिकी माणूस क्वचितच सापडतो. त्यामुळे जहाजाचे राष्ट्रीयत्व पाहून संरक्षण वाटायचे ठरवले तर प्रत्यक्ष मरणाऱ्या माणसांपर्यंत ते पोचतच नाही. मार्च २०२४ मध्ये 'ट्रू कॉन्फिडन्स'वर तीन जण मेले, दोन फिलिपिनो आणि एक व्हिएतनामी. 'गॅलेक्सी लीडर'चे पंचवीस खलाशी नोव्हेंबर २०२३ ते जानेवारी २०२५, म्हणजे चौदा महिने ओलीस होते. त्यांत बल्गेरियन होते, युक्रेनियन होते, मेक्सिकन होते, फिलिपिनो आणि रुमानियन होते. इस्रायल आणि हमास यांच्या भांडणात यांपैकी कोणाचा काय संबंध होता?

दुसरी तक्रार तुम्ही निघून गेल्याची. न्याय करायचा तर चांगलेही सांगायला हवे. जून २०२४ मध्ये 'ट्यूटर'वर हल्ला झाला तेव्हा जहाजावरच्या माणसांना तुमच्या नौदलाच्या हेलिकॉप्टरांनी उचलून नेले. इंजिन रूममधला एक खलाशी दगावला, बाकीचे जगले. त्याबद्दल आमच्यासारख्या घरांना तुमच्याविषयी कृतज्ञता आहे. तुम्ही करू शकता हे माहीत आहे म्हणूनच जुलै २०२५ जास्त लागतो. 'एटर्निटी सी'वर सोमवारी संध्याकाळी हल्ला सुरू झाला आणि जहाज बुधवारी बुडाले. एवढ्या अवधीत कोणत्याही मोठ्या राष्ट्राची युद्धनौका तिथे पोचली नाही. समझोता झाला, लक्ष दुसरीकडे वळले, आणि दरम्यान तोच समुद्र ओलांडणारी जहाजे सुरक्षिततेच्या भरवशावर पुन्हा त्या वाटेला लागली होती. या भरवशाची जबाबदारी कोणाची?

तिसरी तक्रार बाँबफेकीची. २८ एप्रिल २०२५ रोजी येमेनमधील सादा इथे आफ्रिकेतून आलेल्या स्थलांतरितांना कोंडून ठेवलेल्या इमारतीवर बाँब पडले. ६८ जण मेले असे हुथी प्रशासनाने सांगितले. हुथींचा प्रत्येक आकडा खरा मानावा असे मी म्हणत नाही. पण तुमच्या सेनादलाने चौकशी करू असे म्हटले, आणि त्या चौकशीचे निष्कर्ष मला कुठे वाचायला मिळालेले नाहीत. ते लोक सौदी अरेबियात काम शोधायला निघाले होते. कामासाठी आखातात जाणारी माणसे म्हणजे काय ते गोव्याला शिकवावे लागत नाही. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले तेव्हा तिथे अडकलेल्यांत गोव्याची असंख्य कुटुंबे होती. वाळवंटातून जॉर्डनला पोचून, अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी ती परत आली. एक लाख सत्तर हजारांहून अधिक भारतीय त्या वेळी असे आणले गेले. आयुष्यभराची कमाई तिथेच टाकून आलेले लोक आमच्या वाड्यांवर अजून आहेत.

चौथी तक्रार इराणची आणि होर्मुझच्या सामुद्रधुनीची. २२ जूनला तुमच्या विमानांनी इराणच्या फोर्दो आणि नतांझ इथल्या अणुकेंद्रांवर बाँब टाकले, आणि इस्फहानच्या केंद्रावर तुमच्या पाणबुडीने क्षेपणास्त्रे सोडली. त्याच दिवशी तुम्ही स्वतः दूरचित्रवाणीवर चीनला आवाहन केले की इराणला होर्मुझ बंद करण्यापासून रोखा. म्हणजे हल्ल्याचा परिणाम कुठे होणार याची तुम्हाला पूर्ण कल्पना होती. त्याआधीच, १७ जूनला, होर्मुझजवळ 'फ्रंट ईगल' आणि 'अडॅलिन' हे दोन टँकर एकमेकांवर आदळले होते. त्या दिवसांत तिथल्या जहाजांचे जीपीएस सारखे बिघडवले जात होते. 'अडॅलिन'वरच्या चोवीस जणांना अमिरातीच्या तटरक्षक दलाने उतरवले. २३ जूनला इराणने कतारमधील तुमच्या अल उदेद तळावर क्षेपणास्त्रे सोडली. तळ तुम्ही आधीच रिकामा करत आणला होता, आणि तुमच्या दूतावासाने अमेरिकी नागरिकांना घरातच थांबा असे कळवले होते. ते योग्यच केले. दोहामध्ये राहणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांच्या मुलीने मात्र पहिला आवाज ऐकला तो खिडकीतून. कतारने आकाश बंद केले, विमाने वाटेतून मागे फिरली, आणि गोव्यातल्या कितीतरी घरांत ती रात्र फोन लावण्यात गेली.

या पाण्यात तुमचा इतिहास जुना आहे. ३ जुलै १९८८ रोजी तुमच्या 'विन्सेन्स' युद्धनौकेने बंदर अब्बासहून दुबईला निघालेले इराण एअरचे प्रवासी विमान पाडले. २९० जण मेले. त्यांत दहा भारतीय होते. तुम्ही खेद व्यक्त केला, पुढे १९९६ मध्ये इराणशी तडजोड करून भरपाईही दिली, पण कायदेशीर जबाबदारी मान्य केली नाही. त्या नौकेच्या कप्तानाला नंतर पदक मिळाले. ते दहा भारतीय कोण होते, कोणत्या गावचे होते, हे आमच्याकडेही आता कुणाला आठवत नाही. मी हे तुमच्याइतकेच आमच्या लोकांनाही सांगतो आहे.

पाचवी तक्रार थोडक्यात मांडतो, पण ती लहान नाही. तुम्ही एखाद्या जहाजावर किंवा मालकावर निर्बंध लावता तेव्हा बँका व्यवहार थांबवतात, बंदरे दार बंद करतात, मालक गायब होतो. जहाजावरचे लोक पगार, डिझेल आणि पिण्याचे पाणी नसताना अडकून पडतात. २०२४ मध्ये जगभरात ३,१३३ खलाशी ३१२ जहाजांवर असे वाऱ्यावर सोडले गेले असे आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाने नोंदवले. त्यांत सर्वाधिक, ८९९, भारतीय होते. सगळ्यांच्या मुळाशी तुमचे निर्बंध आहेत असा माझा आरोप नाही, बुडव्या मालकांची वानवा कुठेच नाही. पण निर्बंध लावताना जहाजावर कोण आहे याचा विचार करणारा एकही अधिकारी तुमच्या खात्यात असू नये, हे पटत नाही.

महोदय, तुम्ही म्हणाल की हा एका काळजीत पडलेल्या बापाचा राग आहे. तसा तो आहेच. पण आम्ही गोव्याचे लोक तुमच्या खात्याची ही रीत फार पूर्वीपासून ओळखतो.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या आणि इतर सीमांवरून निःशस्त्र सत्याग्रही गोव्यात शिरले आणि पोर्तुगीज सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक जण मेले. महाराष्ट्रातून, देशाच्या इतर भागांतून आलेली माणसे होती ती. पत्रादेवीला आज त्यांचे स्मारक आहे, आणि दर वर्षी तिथे फुले वाहताना जुनी माणसे अजून रडतात. त्या गोळीबाराला चार महिनेही झाले नव्हते तेव्हा, २ डिसेंबर १९५५ रोजी, तुमच्याच खुर्चीवर बसलेल्या जॉन फॉस्टर डलेस यांनी पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पावलो कुन्या यांच्यासोबत संयुक्त निवेदन काढले आणि त्यात अतिपूर्वेकडील 'पोर्तुगीज प्रांत' असा उल्लेख केला. आमचे घर, आमची देवळे, आग्वादच्या तुरुंगात कोंडलेली आमची माणसे, सगळे एका शब्दात लिस्बनच्या नावावर झाले. कारण उघड होते. पोर्तुगाल नाटोत होता आणि अझोर्स बेटांवरचा लाजेस विमानतळ तुम्हाला हवा होता.

मग १८ डिसेंबर १९६१. भारतीय सैन्य गोव्यात शिरलेले, आणि सुरक्षा परिषदेत तुमचे प्रतिनिधी अॅडलाय स्टीव्हन्सन भारताविरुद्ध बोलत होते. युद्धबंदी करा, सैन्य मागे घ्या, असा ठराव तुम्ही ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानबरोबर आणला. बाजूने सात मते पडली, विरुद्ध चार. सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारामुळे तो पडला. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. वाद सोडवायला बळ वापरू नये, हे स्टीव्हन्सन यांचे म्हणणे तत्त्व म्हणून मला आजही मान्य आहे. पण ते तत्त्व पत्रादेवीला कुठे होते? साडेचारशे वर्षे बळावरच चाललेल्या राजवटीला ते कधी ऐकवले गेले? आणि येमेनवर, इराणवर बाँब टाकताना ते कोणत्या कपाटात ठेवले जाते?

तेव्हा लाजेसचा तळ मोजला गेला, आज अमेरिकी जहाजे मोजली जातात. मधल्या माणसांना हिशेबातच धरले जात नाही. सत्तर वर्षांत तुमच्याकडे पक्ष बदलले, राष्ट्राध्यक्ष बदलले, शत्रू बदलले. ही मोजण्याची पद्धत मी बदललेली पाहिली नाही. डेमोक्रॅट असोत की रिपब्लिकन, माझी तक्रार दोघांविरुद्ध सारखीच आहे.

आणि तुम्हाला माणसे एकेक करून मोजता येतात हे मुरगाव बंदराने पाहिले आहे. ऑक्टोबर १९४३. दुसरे महायुद्ध पेटलेले होते, पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोवाही तटस्थ. त्याच वर्षी मार्चमध्ये ब्रिटिशांनी याच बंदरात घुसून 'एहरेनफेल्स' या जर्मन जहाजावर हल्ला केला होता, आणि ते जहाज इथेच बुडाले. दुसऱ्यांच्या लढाया आमच्या दारात येऊन लढल्या जाणे आम्हाला नवे नाही. पण ऑक्टोबरात वेगळेच घडले. जपानच्या ताब्यात अडकलेले दीडेक हजार लोक, त्यांत बहुसंख्य अमेरिकी नागरिक, 'तेइया मारू' या जहाजाने इथे आणले गेले. तुम्ही पाठवलेल्या 'ग्रिप्सहोम' या स्वीडिश जहाजातून तेवढेच जपानी आले. मिशनरी, व्यापारी, बायका, मुले. शत्रूराष्ट्रांशी महिनोन्महिने वाटाघाटी करून, नावांच्या याद्या बनवून, मुरगावच्या धक्क्यावर ती माणसे एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर चालत गेली. तुमचे लोक सुखरूप न्यूयॉर्कला पोचले. भर महायुद्धात, ज्या जपानशी तुमची जीवघेणी लढाई चालू होती त्याच्याशी तुम्ही नावानिशी याद्या ठरवू शकलात. मग ओमानच्या मध्यस्थीने हुथींशी बोलताना 'समुद्रावरचा प्रत्येक खलाशी' ही अट का घालता आली नाही?

म्हणून माझ्या मागण्या लिहितो.

एक. हुथींच्या ताब्यात असलेल्या 'एटर्निटी सी'च्या खलाशांच्या सुटकेसाठी ओमानमार्फत ताबडतोब प्रयत्न करा, आणि ते करत आहात हे जाहीर करा. हे खलाशी अमेरिकी नाहीत, म्हणूनच ही मागणी पहिली.

दोन. ६ मेच्या समझोत्याचा संपूर्ण मजकूर प्रसिद्ध करा. तो लेखी नसेल तर तसे सांगा. त्यात झेंडा, मालक, माल यांचा भेद न करता सर्व व्यापारी जहाजांचा आणि त्यांवरच्या माणसांचा स्पष्ट समावेश करून घ्या. यापुढे या प्रदेशात कोणाशीही समझोता कराल तेव्हा हे कलम पहिले असावे.

तीन. कुठेही लष्करी कारवाई सुरू करायची असेल तर त्या भागातल्या व्यापारी जहाजांना बाहेर पडायला पुरेसा वेळ द्या. कारवाई थांबवून परत जाल तेव्हा शोध आणि बचावासाठी नौका मागे ठेवा. तुमची विमानवाहू जहाजे तिथे वर्षानुवर्षे फिरत असतात. एक बचाव नौका तुम्हाला जड नाही.

चार. सादाच्या हल्ल्याच्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध करा. मेलेल्यांची ओळख पटवायला त्यांच्या देशांना मदत करा आणि कुटुंबांना भरपाई द्या.

पाच. एखाद्या जहाजावर निर्बंध लावण्यापूर्वी त्यावरच्या खलाशांना उतरण्याची, पगार मिळण्याची आणि घरी परतण्याची सोय लावा. मालकाला शिक्षा करायला माझी अजिबात हरकत नाही. खलाशाला त्या शिक्षेतून मोकळे करा.

दिल्लीलाही दोन शब्द सांगायचे आहेत, कारण हे पत्र इथलेच लोक जास्त वाचतील. आमच्या नौदलाने या दीड-दोन वर्षांत जे केले त्याला तोड नाही. जळत्या 'मार्लिन लुआंडा'वर जाऊन आग विझवली, त्यावर बावीस भारतीय होते. 'ट्रू कॉन्फिडन्स'च्या एकवीस जणांना आयएनएस कोलकाताने उचलले, तेव्हा कोणी कुठल्या देशाचा हे विचारले नाही. पण नौदलाने वाचवायचे आणि परराष्ट्र खात्याने फक्त 'चिंता' व्यक्त करायची, हे पुरेसे नाही. अमेरिकेशी व्यापारावर बोलणी चालूच आहेत. त्याच बोलण्यांत खलाशांच्या संरक्षणाचे कलम मागा. जगाला इतके खलाशी पुरवणाऱ्या देशाला ते मागण्याचा हक्क आहे. फिलिपिन्सशी हातमिळवणी करून मागितले तर आवाज दुप्पट होईल.

गोव्यातल्या तारवटी कुटुंबांना एक विनंती. गेल्या आठवड्यात वास्कोच्या दामोदर सप्ताहात कितीतरी आयांनी, बायकांनी जहाजावरच्या माणसासाठी श्रीफळ ठेवले. देवाकडे मागतो तसे सरकारांकडेही मागू या. आपापल्या आमदार-खासदारांना हे पत्र दाखवा. पटले नाही तर तुमचे वेगळे लिहा. आपल्या पोराने युद्धक्षेत्राच्या अर्जावर सही केली असेल तर त्या अर्जाची प्रत घरी ठेवा, आणि जहाजाची क्रू लिस्टही मागून घ्या. वेळ आली तर कोण जहाजावर होते हे सांगणारा तेवढाच कागद हाताशी असतो.

महोदय, माझा मुलगा पुढच्या महिन्यात पुन्हा साइन ऑन करतो आहे. जहाज कोणत्या वाटेने जाईल ते कंपनीने अजून कळवलेले नाही. केप ऑफ गुड होपचा वळसा घ्यायचा तर दहा-बारा दिवस जास्त लागतात, आणि इंधनाचा खर्च वाढला की मालकांना सुएझ आठवते. ती वाट धरायची वेळ आली तर त्याच्या जहाजाला तुमचा समझोता लागू आहे की नाही, एवढे मला त्याआधी लेखी कळावे. मुंबईतील आपल्या वाणिज्य दूतावासामार्फत उत्तर आले तरी चालेल.

आपला,
हेडलँड सडा येथील एक निवृत्त शिपिंग कर्मचारी आणि तारवट्याचा बाप

प्रत माहितीसाठी आणि कार्यवाहीसाठी :
मा. परराष्ट्रमंत्री, भारत सरकार
नौवहन महासंचालनालय, मुंबई
अनिवासी गोमंतकीय आयोग, पणजी
गोव्यातील सर्व खासदार